बेल यांचा चुंबक

टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल (१८४७–१९२२) हे पेशाने शिक्षक होते, हे आपणांस ठाऊक आहे काय? बॉस्टनमध्ये ते बहिऱ्या मुलांना बोलणे शिकवीत. त्यांच्या मातोश्रींनाही ऐकू कमी येई. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात त्यांनी मांडलेल्या यंत्रात विद्युतचुंबक होता. बॅटरी उतरली की चुंबकत्व जाई आणि यंत्र मुके होई. मग बेल यांनी पोलादाचा कायम चुंबक वापरला. त्याच्यासमोरची लोखंडी चकती बोलण्याने थरथरली की तारेच्या वेटोळ्यात आपोआप वीज उत्पन्न होई; बॅटरीची गरजच नाही! ३० जानेवारी १८७७ रोजी त्याचे पेटंट मिळाले. आवाज मात्र फार क्षीण येई. म्हणून पुढे बोलण्याच्या बाजूस कार्बन व बॅटरी आली. ऐकण्याच्या बाजूस कायम चुंबकच राहिला.