पगार हातात येण्याआधीच कर का कापला जातो? बिअर्डस्ली रमल यांची गोष्ट

पगाराच्या स्लिपवर दिसणारा पूर्ण पगार आणि खात्यात जमा होणारी रक्कम यांत फरक असतो. त्यातला एक मोठा हिस्सा प्राप्तिकराचा. वर्ष संपलेलं नसतं, वर्षाचं उत्पन्न नक्की किती होणार हेही ठरलेलं नसतं, तरी कर कापून झालेला असतो. हे असं का?

भारतात पगारातून कर कापण्याची तरतूद १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यातही होती. अमेरिकेत मात्र सर्वसामान्य नोकरदाराच्या पगारातून प्राप्तिकर कापण्याची आजची पद्धत १ जुलै १९४३ ला सुरू झाली. तिच्याशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं ते ना अर्थमंत्री होते, ना करवकील. न्यूयॉर्कमधल्या मेसीज या प्रचंड मोठ्या दुकानाचे ते खजिनदार होते. त्यांचं नाव बिअर्डस्ली रमल.

मानसशास्त्रज्ञ ते खजिनदार

रमल यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९४ चा, आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स गावचा. वडील डॉक्टर, घराणं मूळचं चेक. डार्टमथ कॉलेजातून पदवी घेतल्यावर १९१७ मध्ये त्यांनी शिकागो विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली, तीही मानसशास्त्र आणि शिक्षण या विषयांत. पहिल्या महायुद्धात कोणता सैनिक कोणत्या कामाला योग्य, हे ठरवणाऱ्या चाचण्यांवर त्यांनी काम केलं.

१९२२ मध्ये, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, रॉकफेलर घराण्याच्या एका मोठ्या निधीची सूत्रं त्यांच्याकडे आली. समाजशास्त्रीय संशोधनाला त्यांनी सढळ हाताने पैसा दिला. पुढे काही वर्षं शिकागो विद्यापीठात अधिष्ठातापद सांभाळून १९३४ मध्ये ते मेसीजमध्ये आले. १९४१ पासून न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं.

म्हणजे माणसं पैशाशी कशी वागतात हे त्यांनी दुकानाच्या गल्ल्यापासून मध्यवर्ती बँकेपर्यंत पाहिलं होतं. पुढच्या प्रकरणात तेच कामी आलं.

कर नेहमी एक वर्ष मागे

त्या वेळी अमेरिकेत प्राप्तिकर भरायचा तो गेल्या वर्षीच्या कमाईवर. १९४१ मध्ये कमावलं, त्याचा कर १९४२ मध्ये, १५ मार्चपासून तिमाही हप्त्यांत. कर मूठभर श्रीमंतांपुरता होता तोवर याचं कुणाला काही वाटलं नाही. त्यांच्याकडे शिल्लक असायची.

दुसऱ्या महायुद्धाने चित्र पालटलं. खर्च भागवण्यासाठी सरकारने करमुक्त उत्पन्नाची मर्यादा खाली आणली. १९४२ च्या कायद्याने ती अविवाहितांसाठी वर्षाला ५०० डॉलर आणि विवाहितांसाठी १,२०० डॉलर झाली. १९३९ च्या सुमारास साधारण ४० लाख लोक कर भरत होते. युद्ध संपेपर्यंत ही संख्या चार कोटींच्या पुढे गेली. कारखान्यातले कामगार, टायपिस्ट, दुकानातले विक्रेते पहिल्यांदाच करदाते झाले. लोकांनी वेळेत कर भरावा म्हणून सरकारने डिस्नेकडून डोनाल्ड डकचा लघुपटही बनवून घेतला.

पण अडचण उत्साहाची नव्हती. आठवड्याच्या पगारावर घर चालवणाऱ्याने मार्चसाठी पैसे बाजूला ठेवायचे कसे? त्यातच नोकरी गेली, माणूस आजारी पडला किंवा सैन्यात भरती झाला, तर कमाई आटायची आणि गेल्या वर्षीच्या चांगल्या पगाराचा कर मात्र डोक्यावर तसाच राहायचा. थोडक्यात, प्रत्येक करदाता सरकारचा एक वर्षाचा देणेकरी होता.

घड्याळाचा काटा पुढे

पगारातूनच कर कापावा, हा उपाय नवा नव्हता. यादवी युद्धाच्या काळात सरकारी नोकरांच्या पगारातून तो कापला गेला होता. १९३७ पासून सामाजिक सुरक्षेची वर्गणीही पगारातून जात होती. खरा पेच वेगळाच होता. १९४३ चा कर १९४३ मध्येच कापायला लागलं, तर त्याच वर्षी १९४२ चा करही भरावा लागणार. एका वर्षात दोन वर्षांचा कर!

रमल यांनी १९४२ मध्ये यावर तोडगा सुचवला: मधल्या एका वर्षाचा कर सोडून द्या आणि सगळ्यांना चालू वर्षावर आणा. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, तसंच करांचं घड्याळ वर्षभर पुढे करायचं, असं ते समजावत. सरकारचं काय बुडणार? तिजोरीत तर दरवर्षी पैसे येतच राहणार. येणं बुडेल ते फक्त कागदावर, आणि त्याची झळ लागलीच तर जगाच्या अंतापर्यंत लागणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. संसदेच्या समित्यांपुढे, रेडिओवर, वर्तमानपत्रांतून त्यांनी हे इतकं सोपं करून मांडलं की रमल योजना हा शब्द लोकांच्या तोंडी बसला.

माफी कुणाला किती?

विरोधही तितकाच जोरात झाला. अर्थमंत्री हेन्री मॉर्गेन्थाऊ आणि अध्यक्ष रूझवेल्ट यांचा मुद्दा असा होता की वर्षाचा कर माफ केला तर कामगाराचे थोडेफार डॉलर वाचतील, पण लक्षाधीशांची प्रचंड रक्कम वाचेल. त्यातले काही तर युद्धामुळेच आणखी श्रीमंत झाले होते. पोरं आघाडीवर लढत असताना हे कसं चालेल? रमल यांच्या घड्याळाच्या उदाहरणात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

शेवटी तडजोड झाली. ९ जून १९४३ ला रूझवेल्ट यांनी नव्या कायद्यावर सही केली. १९४२ आणि १९४३ या दोन वर्षांपैकी ज्या वर्षाचा कर कमी, त्यातला साधारण ७५ टक्के माफ झाला. म्हणजे एखाद्याचा कर १९४२ चा २०० डॉलर आणि १९४३ चा २४० डॉलर असेल, तर १५० डॉलर माफ. उरलेले ५० डॉलर १९४४ आणि १९४५ मध्ये दोन हप्त्यांत. ५० डॉलर किंवा त्याहून कमी कर असलेल्यांना पूर्ण माफी मिळाली.

कपातीची प्रत्यक्ष यंत्रणा रमल यांनी एकट्याने उभारली नाही. अर्थखात्यातल्या तज्ज्ञांनी ती बसवली. त्यांत तरुण अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनही होते.

कपातीचा हिशोब

नियम साधा ठेवला होता. आठवड्याच्या पगारातून अविवाहितासाठी १२ डॉलर, विवाहितासाठी २४ डॉलर आणि अवलंबून असलेल्या प्रत्येकामागे ६ डॉलर वजा करायचे. उरलेल्यावर २० टक्के कपात.

समजा पगार आठवड्याला ५० डॉलर आहे. अविवाहिताचे ३८ डॉलर उरतात, म्हणजे कपात ७ डॉलर ६० सेंट. बायको आणि दोन मुलं असलेल्याचे १४ डॉलर उरतात, म्हणजे कपात २ डॉलर ८० सेंट. पगार एकच, पण कपात वेगळी. मालकाला हे कळावं म्हणून कामगाराने आपल्या कुटुंबाची माहिती एका फॉर्मवर भरून द्यायची. अमेरिकेत नोकरीला लागलेल्या मराठी माणसालाही पहिल्या दिवसांत भरावा लागतो तो डब्ल्यू-४ फॉर्म हाच.

यातून एक गोष्ट लक्षात येते. कापलेली रक्कम म्हणजे अंतिम कर नव्हे, तो वर्षाच्या कराचा अंदाज असतो. खरा हिशोब विवरणपत्र भरताना होतो. जास्त कापलं गेलं असेल तर परतावा, कमी कापलं असेल तर फरक भरायचा. परतावा ही सरकारची भेट नसते, आपलेच जादा गेलेले पैसे परत येतात. भारतातल्या टीडीएसचंही तेच. गुंतवणुकीची माहिती कंपनीला वेळेत दिली नाही, की शेवटच्या महिन्यांत पगार अचानक आटतो तो याच कारणाने.

नंतरचे रमल

१९४५ मध्ये रमल मेसीजचे अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी एक लेख लिहून खळबळ उडवली. स्वतःचं चलन छापणाऱ्या सरकारला खर्चासाठी कराची गरज नसते, कराचं खरं काम महागाई आवरणं आणि संपत्तीची वाटणी बदलणं हे आहे, अशी त्यांची मांडणी होती. त्यावर अर्थतज्ज्ञ आजही वाद घालतात. एप्रिल १९६० मध्ये त्यांचं निधन झालं.

कपातीच्या पद्धतीबद्दलचा वाद मात्र त्यांच्यानंतरही चालूच राहिला. हातात न आलेला पैसा गेल्याचं दुःख कमी होतं, त्यामुळे सरकारला कर वाढवणं सोपं जातं, असं म्हणणाऱ्यांत पुढे खुद्द फ्रीडमनही होते. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. नोकरी गेलेल्या माणसाच्या दारात गेल्या वर्षीच्या पगारावरच्या कराचं बिल आता सहसा येत नाही. कमाई थांबली की कपातही थांबते.