कावसजी दादाभाई नायगमवाला

कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७ – १९३८) हे भारतीय खगोलशास्त्रज्ञ व वर्णपटशास्त्रज्ञ होते. पुण्यातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा ही त्यांची निर्मिती होय. ताऱ्यांच्या व तेजोमेघांच्या प्रकाशाचे पृथक्करण करून त्यांतील द्रव्य ओळखणे, हे त्यांच्या कार्याचे मुख्य क्षेत्र होते.

शिक्षण आणि वेधशाळेची स्थापना

पारशी कुटुंबातील नायगमवाला यांचे उच्च शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात झाले. पुढे ते तेथेच भौतिकशास्त्राचे अध्यापन करू लागले. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनी महाविद्यालयात वर्णपटप्रयोगशाळा उभारण्यासाठी ५,००० रुपयांची देणगी दिली व मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. १८८४ मध्ये नायगमवाला इंग्लंडला गेले. तेथील शास्त्रज्ञांच्या, विशेषतः नॉर्मन लॉकियर यांच्या सल्ल्यानंतर प्रयोगशाळेऐवजी वेधशाळेची योजना पुढे आली. मुंबईपेक्षा पुण्याची हवा वेधांस अनुकूल असल्याने ती पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (पुढचे अभियांत्रिकी महाविद्यालय) उभारण्यात आली. १८८८ मध्ये ती पूर्ण झाली. डब्लिनच्या ग्रब यांनी घडविलेली तिची २० इंची परावर्तक दुर्बीण पुढे अनेक दशके देशातील सर्वांत मोठी दुर्बीण होती.

मृगातील तेजोमेघाचा वाद

नायगमवाला यांचे सर्वांत महत्त्वाचे संशोधन ज्या प्रश्नावर आहे, त्यात त्यांना आपल्याच सल्लागाराच्या विरोधात जावे लागले. तेजोमेघ म्हणजे परस्परांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे होत, असा लॉकियर यांचा सिद्धान्त होता. तेजोमेघांच्या वर्णपटातील प्रमुख हिरवी रेषा ही वस्तुतः उल्कांमधील मॅग्नेशियमपासून निघणाऱ्या पट्ट्याची उरलेली कडा आहे, असे ते मानीत.

येथे रेषा व पट्टा यांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. सुटा अणू स्वतंत्र, धारदार रेषा देतो. रेणू मात्र कंप पावतो आणि स्वतःभोवती फिरतो. या दोन्ही गतींची ऊर्जा ठरावीक पायऱ्यांनीच बदलत असल्यामुळे असंख्य रेषा एकमेकींना चिकटून येतात आणि एका बाजूस स्पष्ट कडा असलेला, दुसऱ्या बाजूस विरत जाणारा पट्टा दिसतो. (केवळ परिवलनामुळे घडणारी संक्रमणे बहुधा सूक्ष्मतरंगांच्या प्रदेशात येतात, त्यांचा पद्धतशीर अभ्यास दुसऱ्या महायुद्धानंतर, रडारची साधने हाती आल्यावर वाढला.) लॉकियर यांनी दाखविलेला पट्टा पुढे मॅग्नेशियम ऑक्साइडच्या रेणूचा ठरला. हे ज्ञान त्या काळी नव्हते. तरीही ती रेषा पट्ट्याप्रमाणे एका बाजूस विरते की नाही, हे दुर्बिणीतून पाहता येत होते.

१८९१ मध्ये नायगमवाला यांनी आपल्या निरीक्षणांतून दाखविले, की मृगातील तेजोमेघाची ही रेषा सर्व परिस्थितींत धारदारच राहते, म्हणून ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष असू शकत नाही. विल्यम हगिन्स व अमेरिकेतील लिक वेधशाळेचे जेम्स कीलर हेही लॉकियर यांच्या विरुद्ध मताचे होते. रेषेचे खरे मूळ १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी उलगडले: ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. वसाहतकाळात एका महाविद्यालयीन वेधशाळेतून हा निष्कर्ष निघावा, ही गोष्ट त्यामानाने फारच कमी नोंदली गेली आहे.

१८९८ चे सूर्यग्रहण

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला. लॉकियर विजयदुर्ग येथे होते, तर नायगमवाला यांनी जेऊर येथे तळ दिला. लिक वेधशाळेचे पथकही तेथेच आले होते. खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटेच टिकत असल्याने वर्णपटांची छायाचित्रे घेण्याची तयारी आधीपासून करावी लागली. या मोहिमेचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये वेधशाळेने प्रसिद्ध केला.

निवृत्ती

नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्यामागे वेधशाळा चालविणारे कोणी नसल्याने ती बंद करून दुर्बीण व इतर उपकरणे कोडाईकनाल येथे हलविण्यात आली. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले.