विश्लेषण : मूल शाळेत येत नसेल तर चूक कोणाची? ताराबाई मोडक यांनी काय केले?

‘अंगणवाडी’ हा शब्द आज प्रत्येक गावात ऐकू येतो. त्यामागची कल्पना प्रत्यक्षात आणणाऱ्या ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांची ही गोष्ट.

सुरुवात कुठे झाली?
मुंबई विद्यापीठातून पदवी घेतलेल्या ताराबाई राजकोटला प्राचार्य होत्या. ती नोकरी सोडून १९२३ च्या सुमारास त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

जुन्या आणि नव्या पद्धतीत फरक काय?
पारंपरिक शाळेत गुरुजी सांगणार, मुले घोकणार, चुकले की छडी. माँटेसरी पद्धतीत मूल साधने हाताळत, आपल्या गतीने शिकते. शिक्षक निरीक्षण करतो आणि गरजेपुरतीच मदत करतो. अडचण एकच, ही साधने महाग होती.

मग खेड्यात काय केले?
१९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथेच त्यांच्यासोबत आल्या. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. तरीही वस्तीवरची गरीब मुले बालवाडीत येईनात. तेव्हा शिक्षिकाच वस्तीत गेल्या आणि अंगणात वर्ग भरू लागला. हीच अंगणवाडी.

कोसबाडचा प्रयोग काय होता?
१९५७ मध्ये काम कोसबाडच्या आदिवासी भागात गेले. इथली मोठी मुले धाकट्या भावंडांना सांभाळत, म्हणून शाळा बुडे. त्यावर उपाय म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. तिचे नाव विकासवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरली.

आज याचे महत्त्व काय?
गैरहजर मुलाला आळशी ठरवणे सोपे असते. ताराबाईंनी आधी तो घरी काय करतो, हे पाहिले आणि त्यानुसार शाळेची जागा, वेळ व साधने बदलली. पद्धत परदेशी की देशी, यापेक्षा ती समोरच्या मुलाला जमते का, ही त्यांची कसोटी होती.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना नाव मिळाले, अंगणवाडी.