कुंडीवाल्या माळ्याची गोष्ट

तुमच्या आजूबाजूला जुन्या बिल्डिंगचं दुरुस्तीचं काम बघितलंय कधी? पिलरचं सुटलेलं काँक्रीट पाडतात, गंजलेल्या सळ्या घासून साफ करतात. आणि हल्ली काही ठिकाणी पिलरला वरून काळं कापड गुंडाळल्यासारखं दिसतं. ते असतं कार्बन फायबर, इपॉक्सीने चिकटवलेलं. एवढ्या पातळ थराने पिलर मजबूत कसा होईल, असं वाटतं ना? मग आधी एका माळ्याला भेटा.

जोसेफ मोनिए. जन्म 1823, दक्षिण फ्रान्समधला. घरच्यांसोबत बागेत राबायचं म्हणून लहानपणी शाळा हुकली. पॅरिसला काम मिळाल्यावर पठ्ठ्या रात्रीच्या वर्गात लिहाय-वाचायला शिकला.

त्याची अडचण साधी होती. संत्र्याची झाडं थंडीत आत हलवावी लागत. मातीच्या कुंड्या फुटायच्या, लाकडाच्या कुजायच्या. नुसत्या सिमेंटच्या करून बघितल्या, तर त्यांना तडे. म्हणून त्याने सिमेंटमध्ये लोखंडी जाळी घातली आणि 1867 मध्ये पेटंट घेतलं. पुढे पाइप, टाक्या, आणि 1875 मध्ये शाझले इथे चक्क एक छोटा पूल! तो आजही उभा आहे.

आता गंमत बघा. कुंडीतली ओली माती आणि मुळं बाहेर ढकलतात, जाळी त्यांना धरून ठेवते. पिलरचंही तसंच. वरून भार आला की काँक्रीट आडवं फुगू बघतं आणि फुटतं. चारी बाजूंनी घट्ट आवळलं, की तेच काँक्रीट जास्त भार पेलतं. आतल्या सळ्यांभोवतीच्या रिंगा हे काम करतात, बाहेरून फायबरही तेच करतं. शिवाय ते गंजत नाही. चौकोनी पिलरचे कोपरे मात्र आधी गोल करावे लागतात, नाहीतर फायबर तिथेच तुटू शकतं. आणि आतला गंज तसाच ठेवून वरून गुंडाळलं, तर तो झाकला जातो, थांबत नाही.

मोनिएला यामागचं गणित येत नव्हतं. ते 1886 च्या सुमारास जर्मन इंजिनीअर माथियास कोएनेनने मांडलं. पेटंटचे हक्क घेऊन जर्मन कंपन्या मोठ्या झाल्या. मोनिएची स्वतःची कंपनी 1888 मध्ये दिवाळखोरीत गेली. 1906 मध्ये तो गेला, तेव्हा हातात फारसं काही उरलं नव्हतं.

म्हणून पुढच्या वेळी तो काळा पिलर दिसला, तर दोन गोष्टी करा. गुंडाळण्याआधी सळ्यांचा गंज काढलाय ना, हे कॉन्ट्रॅक्टरला नक्की विचारा. आणि त्या माळ्याची एकदा आठवण काढा. डिग्री नव्हती त्याच्याकडे, पण आपली कुंडी का फुटते, हा प्रश्न त्याने सोडला नाही.