पेटीवरची चिठ्ठी आणि डेनिस रिची

चैत्र-वैशाखात रत्नागिरीच्या खळ्याखळ्यांतून आंब्याच्या पेट्या भरल्या जातात. पेंढ्याचा थर, त्यावर हापूसची रांग, पुन्हा पेंढा. झाकण बसले की वर एक चिठ्ठी लागते : माल नाजूक आहे, उलटा ठेवू नये. या चिठ्ठीने आतला आंबा गोड होत नाही की आंबट होत नाही. ती खाणाऱ्यासाठी नसतेच, पेटी हाताळणाऱ्या हमालासाठी असते. आता समजा, एक पेटी वाशीला जायची, दुसरी बेळगावला आणि तिसरी अहमदाबादला. एका हमालाला मराठी वाचता येते, दुसऱ्याला कानडी, तिसऱ्याला गुजराती. शहाणा बागायतदार काय करील? पेट्या सगळ्या सारख्याच भरील, चिठ्ठीची जागा तेवढी राखून ठेवील आणि कोणत्या गावाला कोणती चिठ्ठी लावायची, याची यादी एका वहीत मांडून ठेवील.

संगणकाच्या दुनियेत अगदी हीच अडचण आली. तिच्यावरच्या तोडग्याची वही ज्या भाषेने पुरवली, ती ‘सी’ भाषा निर्माण करणाऱ्या डेनिस रिची यांची ही कहाणी.

डेनिस रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी अमेरिकेतील ब्रॉन्क्सव्हिल येथे झाला. वडील ॲलिस्टर रिची हे टेलिफोनच्या क्षेत्रातल्या प्रख्यात बेल प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. मुलाने हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञान आणि उपयोजित गणित यांचा अभ्यास केला आणि १९६७ साली तोही त्याच प्रयोगशाळेत रुजू झाला. पुढच्या वर्षी त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध लिहून पुरा केला, परंतु पदवी मात्र त्यांना कधीच मिळाली नाही.

त्या काळी प्रत्येक कंपनीचा संगणक म्हणजे स्वतंत्र संस्थान होते. कार्यप्रणालीसारखा कार्यक्रम बहुधा त्या-त्या यंत्राच्या बोलीत लिहायचा आणि यंत्र बदलले की पुन्हा श्रीगणेशा करायचा! केन थॉम्प्सन या सहकाऱ्याने १९६९ मध्ये ‘युनिक्स’ ही कार्यप्रणाली लिहिली, तीही अशीच एका यंत्राला बांधलेली होती. रिची यांनी १९७१ ते १९७३ या काळात ‘सी’ भाषा घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा या नव्या भाषेत उतरला. माणसाने सीमध्ये लिहायचे आणि ते यंत्राच्या बोलीत उतरवण्याचे काम ‘कम्पायलर’ नावाच्या दुभाष्याने करायचे. यंत्र नवे असेल तर दुभाषी नवा आणायचा, लिखाण बव्हंशी तेच ठेवायचे. स्टीव्ह जॉन्सन यांच्या साथीने रिची यांनी पुढे युनिक्स ‘इंटरडेटा’ या अगदी वेगळ्या घडणीच्या यंत्रावर नेले आणि हे शक्य आहे, हे दाखवून दिले.

तरीही काही फरक उरतच होते. त्यांच्यासाठी उपयोगी पडली ‘मॅक्रो’ची सोय. कम्पायलरच्या हाती लिखाण जाण्यापूर्वी एक मदतनीस ते वाचतो आणि ठरवलेल्या नावाच्या जागी ठरवलेला मजकूर भरतो. ॲलन स्नायडर यांनी आग्रह धरल्यामुळे १९७२-७३च्या सुमारास ही सोय सीमध्ये आली. पुढे माइक लेस्क आणि जॉन रायझर यांनी तिला अटींची जोड दिली : यंत्र अमुक असेल तर हा मजकूर घ्या, तमुक असेल तर तो. गंमत म्हणजे सुरुवातीला हा मदतनीस ऐच्छिक मानला जाई. कार्यक्रमाच्या आरंभी खास खूण केली असेल तरच तो जागा होई!

सी लोकप्रिय झाली. ब्रायन कर्निहॅन यांच्यासह रिची यांनी लिहिलेले छोटेखानी पुस्तक १९७८ साली आले आणि जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती गेले. १९८३ मध्ये रिची आणि थॉम्प्सन यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी सीचे प्रमाण रूप ठरवण्यासाठी अमेरिकेत समिती बसली. या समितीने ‘नोएलियस’ नावाचा नवा शब्द भाषेत आणायचे ठरवले. या वस्तूला दुसऱ्या कुठल्याही नावाने हात लावला जाणार नाही, अशी ती कम्पायलरला दिलेली हमी होती. हमी मिळाली की कम्पायलर निर्धास्तपणे काम वेगवान करी. एरवी मितभाषी असणारे रिची १९८८ मध्ये मात्र कडाडून विरोधात उभे राहिले. हमीची व्याख्याच सदोष होती आणि हमी खोटी ठरली तर चांगला चाललेला कार्यक्रम गुपचूप चुकीची उत्तरे देऊ लागला असता. चुकीची चिठ्ठी ही चिठ्ठी नसण्यापेक्षा वाईट! समितीने तो शब्द मागे घेतला. तशाच हेतूचा, पण नीट बेतलेला शब्द १९९९च्या प्रमाणात आला.

मधल्या काळात कम्पायलर बनवणाऱ्यांनी आपापल्या चिठ्ठ्या काढल्या होत्या. हे काम पुन्हा परतत नाही, ही सोय आता जुनी झाली, असे सांगणाऱ्या या खुणांना ‘ॲट्रिब्यूट’ म्हणतात. जीसीसी या कम्पायलरची खूण एका तऱ्हेची, मायक्रोसॉफ्टची दुसऱ्याच. एकाची खूण दुसऱ्यासमोर ठेवली की तो अडून बसे. मग जाणते लोक मॅक्रोकडे वळले. लिखाणात सगळीकडे आपले एकच नाव वापरायचे आणि कोणत्या कम्पायलरसाठी त्याचा अर्थ काय, ते एकाच फाइलमध्ये नोंदवायचे. ज्याला खूण कळत नाही, त्याच्यासाठी नावाचा अर्थ कोरा ठेवायचा. काम तसेही होते, फक्त सूचना पोचत नाही. मात्र जिच्यावाचून कामच बिघडेल, अशी खूण कोरी ठेवून चालत नाही, तिथे थांबावेच लागते. लिनक्सच्या गाभ्यात २०१८पासून अशा खुणांची एक स्वतंत्र फाइलच आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सीच्या नव्या प्रमाणात दुहेरी चौकटी कंसांची सामाईक खूण आली. तरी जुने कम्पायलर वापरात असेपर्यंत ही वही मिटता येणार नाही.

रिची यांना १९९९ मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या हस्ते अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. २००७ मध्ये ते निवृत्त झाले. न्यू जर्सीतील बर्कली हाइट्स येथील घरी ते एकटेच राहत. १२ ऑक्टोबर २०११ रोजी तेथेच ते मृतावस्थेत आढळले. आठवडाभर आधी, ५ ऑक्टोबरला, स्टीव्ह जॉब्ज गेले होते. साऱ्या जगाने जॉब्ज यांचा शोक केला, रिची यांच्या जाण्याची वार्ता मात्र मुख्यतः जाणकारांपुरतीच राहिली. वास्तविक जॉब्ज यांचा आयफोन ज्या पायावर उभा, तो युनिक्सच्या कुळातला आणि बराचसा सीमध्येच लिहिलेला!

आज रत्नागिरीतला बागायतदार हंगामात मोबाइलवर वाशीचा भाव विचारतो. त्याच्या हातातल्या त्या यंत्राच्या गाभ्यातही सीच आहे आणि तिच्या पोटात त्या छोट्या चिठ्ठ्या आहेत. रिची हे नाव त्याने ऐकलेले नसेल. पण आतला माल सगळ्यांसाठी एक ठेवावा आणि गावागावाचा फरक एका वहीत लिहावा, हा हिशेब त्याला समजावून सांगावा लागणार नाही.