रिचर्ड हॅमिंग : शनिवार-रविवारच्या वैतागातून आलेला कोड

नँड फ्लॅशवरची यूबीआयएफएस फाइल सिस्टम माउंट होत नाही आणि लॉगमध्ये उणे ७४ हा एरर दिसतो, तेव्हा मला रिचर्ड हॅमिंग आठवतात.

११ फेब्रुवारी १९१५ रोजी शिकागोत जन्मलेले हॅमिंग मूळचे गणिताचे. १९४२ मध्ये इलिनॉय विद्यापीठाची पीएचडी, १९४५ मध्ये लॉस अलामॉसचा अणुबॉम्ब प्रकल्प आणि १९४६ मध्ये बेल लॅब्ज. तिथला रिलेवर चालणारा कॉम्प्युटर त्यांना शनिवार-रविवारी वापरायला मिळायचा. चूक झाली की त्या मशीनला ते कळायचं. इतर दिवशी ऑपरेटर येऊन ती दुरुस्त करायचे. सुट्टीला कोणीच नसायचं, म्हणून मशीन ते काम अर्धवट टाकून पुढचं उचलायचं. सोमवारी हॅमिंग यांच्या हाती काहीच नाही! असं लागोपाठ दोनदा झालं आणि ते वैतागले. चूक झाली हे मशीनला कळतं, तर ती नेमकी कुठे झाली हे का कळू नये?

उत्तर साधं निघालं. डेटाच्या ४ बिट्सना तपासणीचे ३ बिट्स जोडायचे. प्रत्येक तपासणी-बिट ठरावीक जागांवर लक्ष ठेवतो. तिन्ही तपासण्यांचे निकाल ओळीने ठेवले, की बायनरीत चुकलेल्या बिटची जागाच मिळते. तो बिट उलटा केला की काम झालं. पेटंटच्या प्रक्रियेमुळे हा शोधनिबंध १९५० मध्ये छापून आला.

फ्लॅशच्या सेलमधला चार्ज हळूहळू गळतो आणि एखादा बिट उलटतो. लिनक्समधला हॅमिंग कोड २५६ बाइट्समागे ३ बाइट्स ठेवून एक बिट दुरुस्त करतो, दोन बिघडले तर निदान ओळखतो. आजच्या दाट चिप्सना तेवढं पुरत नाही, म्हणून तिथे बीसीएचसारखे जास्त ताकदीचे कोड लागतात.

उणे ७४ म्हणजे ईसीसीला दुरुस्ती जमली नाही. पण म्हणून चिप मेलीच असं समजू नका. बऱ्याचदा बूटलोडरने एका ईसीसीने लिहिलेलं असतं आणि कर्नल दुसऱ्याच ईसीसीने वाचत असतो. म्हणून लगेच इरेज करू नका, डेटा कायमचा जाईल. आधी नँडडंपने ओओबीसकट कच्ची प्रत काढा. मग ईसीसीचा प्रकार, ताकद, स्टेप साइज आणि ओओबीची मांडणी दोन्हीकडे सारखी आहे का, ते पाहा.

हॅमिंग यांना १९६८ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९७६ पासून ते मॉन्टेरीच्या नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलमध्ये शिकवत होते. ७ जानेवारी १९९८ रोजी त्यांचं निधन झालं.

आज बिट बिघडला तर ईसीसी तो दुरुस्त करतं. अशा दुरुस्त्या ठरलेल्या मर्यादेला पोचल्या की यूबीआय तो डेटा गुपचूप दुसऱ्या ब्लॉकमध्ये हलवतं. रविवार असला तरी ऑपरेटरची वाट बघावी लागत नाही.