संशयकल्लोळकार कै. गोविंद बल्लाळ देवल

पेडणे आणि डिचोली या महालांतील देवळांच्या उत्सवांत ज्या मराठी संगीत नाटकांनी पिढ्यान् पिढ्या प्रेक्षकांना हसविले, त्यांत ‘संशयकल्लोळ’चे स्थान अग्रभागी आहे. त्याचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल यांच्या चरित्राचे स्मरण नाट्यप्रेमी वाचकांना उचित वाटेल.

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ रोजी सांगलीजवळील हरिपूर येथे झाला. वडील बंधू कृष्णाजी बल्लाळ हे पुढे श्रुतिशास्त्राचे अभ्यासक म्हणून मान्यता पावले. गोविंदरावांचे शिक्षण बेळगावास झाले. तेथेच त्यांना अण्णासाहेब किर्लोस्कर शिक्षक म्हणून लाभले. काही काळ त्यांनी स्वतःही शिक्षकी केली. परंतु त्यांचा ओढा रंगभूमीकडे होता. पुण्यातील सुशिक्षित हौशी मंडळींनी चालविलेल्या आर्योद्धारक नाटक मंडळीशी त्यांचा संबंध आला आणि १८८० साली ‘शाकुंतला’ने संगीत रंगभूमीचे नवे पर्व सुरू झाल्यावर ते किर्लोस्करांचे सहकारी झाले. १८८५ मध्ये अण्णासाहेब निवर्तले. त्यानंतर नटांना तालीम देण्याचा वारसा देवलांनी निष्ठेने सांभाळला. शब्दोच्चार, हालचाल आणि भावदर्शन यांत स्वाभाविकता हवी, हा त्यांचा कटाक्ष असे.

देवलांची नाटके अवघी सात. ‘दुर्गा’, ‘मृच्छकटिक’, ‘विक्रमोर्वशीय’, ‘झुंझारराव’, ‘शापसंभ्रम’ आणि ‘संशयकल्लोळ’ ही सहा संस्कृत वा पाश्चात्त्य कृतींच्या आधारे रचलेली. स्वतंत्र असे ‘शारदा’ हे एकच. १८९९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात बाला-जरठ विवाहाच्या दुष्ट रूढीवर त्यांनी प्रहार केला आणि पौराणिक राजे-राण्यांच्या जागी गावातील साधी माणसे संगीत नाटकात आणून बसविली.

‘संशयकल्लोळ’ची कुळकथा मोठी मनोरंजक आहे. फ्रेंच नाटककार मोलियर याच्या १६६० मधील एका प्रहसनावरून अठराव्या शतकात आर्थर मर्फी या इंग्रजी लेखकाने नाटक रचले. त्याच्या आधारे देवलांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक १८९३ च्या सुमारास लिहिले. पुरुषांना महिन्यांची आणि स्त्रियांना नक्षत्रांची नावे देऊन त्यांनी परक्या कथेस अस्सल देशी पेहराव चढविला. आयुष्याच्या अखेरीस गंधर्व नाटक मंडळीसाठी त्यांनी त्यात पदे घालून त्यास संगीत रूप दिले. परंतु १४ जून १९१६ रोजी त्यांचे देहावसान झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात नाटक रंगभूमीवर आले. बालगंधर्वांची रेवती आणि गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव यांनी नाट्यगृहे दुमदुमविली, तेव्हा तो हशा ऐकावयास नाटककार हयात नव्हते.

या नाटकाचा विनोद कोणा एकाच्या व्यंगावर बेतलेला नाही. रस्त्यात मूर्च्छित पडलेली एक तरुणी, तिच्या हातून निसटलेली एक तसबीर, आणि एकमेकांवर पाळत ठेवणारे एक संशयी जोडपे, एवढ्या सामग्रीवर सारा गोंधळ उभा राहतो. मात्र हास्याच्या तळाशी एक गंभीर प्रश्न आहे. रेवती नायकिणीच्या घरात वाढलेली आहे आणि तिला अश्विनशेठची धर्मपत्नी होऊन मानाने संसार करावयाचा आहे. तिच्या निष्ठेवर संशय घेणे जगाला किती सोपे जाते, हे देवल हसत हसत दाखवितात. ज्या गोमंतकात देवळांशी बांधलेल्या कलावंत घराण्यांनी संगीताची थोर सेवा केली आणि सामाजिक प्रतिष्ठेसाठी दीर्घ झगडाही दिला, तेथील प्रेक्षकाला रेवतीची ही आकांक्षा परकी वाटण्याचे कारण नव्हते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली गेलेल्या या नव्या काबिजादीत मराठी भाषा जिवंत राहिली ती कीर्तन, भजन आणि उत्सवी नाटक यांच्या आधाराने. गावातील शेतकरी, दुकानदार आणि शिक्षक दिवसाचे काम आटोपून रात्री तालमीस बसत. स्त्रीभूमिकाही बहुधा पुरुषच करीत. अशा हौशी मंडळींना ‘संशयकल्लोळ’ सोयीचे होते. त्यास राजवाडे नकोत की भरजरी पोशाख नकोत. घर, रस्ता आणि बाग दाखविणारे पडदे, एक ऑर्गन, एक तबलजी आणि पाठांतर चोख असलेले नट एवढ्यावर ते उभे राहते. मात्र विनोदाची वेळ चुकली की ते कोसळते. म्हणून तालीम कसून घ्यावी लागते. तालीममास्तर देवलांचा धडा प्रत्येक मंडळीला असा नव्याने गिरवावा लागतो.

आपल्या सात नाटकांचा बोलबाला देवलांनी स्वतः कधी केला नाही. तो मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांप्रमाणेच आपल्या मांडवांनी केला. ग्रंथालयाच्या कपाटातील नाटकाचे पुस्तक हे त्या मांडवाचेच बीज होय. सभासदांनी ते वाचावे आणि नव्या पिढीच्या हाती तालमीसाठी द्यावे, कै. देवलांचे याहून उचित स्मारक दुसरे नाही.